पक्ष्याचा डोळा व नातवाचा चष्मा

रामायणांत संपाति नांवाचा वृद्ध गृध्र समुद्रतीरावर बसूनच शंभर योजनें दूर लंकेंत असलेली जानकी पाहतो. ही कथा आम्हीं तीस वर्षें वर्गांत सांगितली; परंतु पक्ष्याला इतकें स्पष्ट कशानें दिसतें, असें कोणी विचारलें असतें तर आम्हांस उत्तर देतां आलें नसतें. तें शोधण्याचा प्रसंग गेल्या दिवाळींत आला. आमचा थोरला नातू लातुरास अकरावीच्या शिकवणीसाठीं राहतो. तो सुटींत नांदेडास आला तो नाकावर चष्मा घेऊनच! सूनबाईंनीं मोबाइलला दोष दिला. वहिनींनीं सांगितलें, चष्मा लावूं नये, नंबर वाढतो. आम्ही पुस्तकें घेऊन बसलों.

गोवर्धन घाटावर घार घिरट्या घालतांना पाहून तिच्या डोळ्यांत जणुं दुर्बीण आहे असें वाटतें. वस्तुतः प्रतिमा ठिकाणावर आणण्याचें काम पुढील भिंगाचें. पक्ष्यांत स्नायु त्याला दाबून फुगवितात. पुष्कळ पक्ष्यांत बुबुळावरील पारदर्शक पडद्याचाहि बांक बदलतो. आलेली प्रतिमा किती बारकाईनें टिपावयाची, हें मात्र मागच्या दृष्टिपटलाच्या हातीं. तेथें शंकुपेशी जितक्या दाट, तितका तपशील अधिक. शेजारच्या पेशींचा संदेश थोडा दाबून वस्तूची कडा उठावदार करण्याचें कामहि तेथेंच होतें. जेथें दृष्टि सर्वांत तीक्ष्ण, तेथें पटलाला लहानशी खळगी असते. माणसाच्या प्रत्येक डोळ्यांत अशी एकच. ससाणा, गरुड व खंड्या यांच्या प्रत्येक डोळ्यांत दोन, एक बाजूचें पाहण्यास व दुसरी समोरचें. विष्णुपुरीच्या जलाशयाकांठीं तारेवर बसलेला खंड्या मान तिरपी करून पाण्याकडे पाहतो, तें उगीच नव्हे. शिवाय आपल्या पटलांत रक्तवाहिन्यांचें जाळें असतें, पक्ष्यांच्या पटलांत तें नसतें. फणीसारखा एक अवयव आंतून पोषण पुरवितो, म्हणून प्रतिमेवर रक्तवाहिन्यांची छाया पडत नाहीं.

तथापि अतिशयोक्ति नको. गरुडाला आपल्या आठपट दिसतें असें सर्रास लिहितात. १९८५ सालीं ऑस्ट्रेलियांतील एका जातीच्या गरुडाची परीक्षा रेमंड या संशोधिकेनें केली, तेव्हां त्याची दृष्टि माणसाच्या सुमारें दुप्पट ते अडीचपट भरली. पारव्याची तर आपल्याहून कमीच असते.

पण आमचें चित्त वेधलें तें गरुडानें नव्हे, कोंबडीच्या पिलानें. १९७८ सालीं अमेरिकेंत वॉलमन व त्यांचे सहकारी यांनीं दाखविलें कीं, पिलाच्या पाहण्यांत थोडा अडथळा आणला तरी त्याला तीव्र ऱ्हस्वदृष्टि येते. म्हणजे डोळा मागें लांबतो आणि दूरची प्रतिमा पटलाच्या अलीकडेच पडते. १९८८ सालीं शेफेल प्रभृतींनीं पिलांना चक्क भिंगें लावलीं. प्रतिमा पटलामागें पडेल असें भिंग लावतांच डोळा त्या प्रतिमेपर्यंत लांबला. उलट भिंग लावतां वाढ मंदावली. मेंदूकडे जाणारी दृष्टिनाडी तोडली तरी हा परिणाम होतो, आणि अर्धाच डोळा झांकला तर तेवढाच भाग वाढतो! म्हणजे प्रतिमा अस्पष्ट आहे हें मेंदूला न विचारतां पटल स्वतःच ओळखतें व डोळ्याला वाढण्याची आज्ञा देतें. प्रखर उजेडांत ठेवलेल्या पिलांत हा विकार कमी होतो, असेंहि २००९ सालीं दिसून आलें. उजेडानें पटलांत डोपामीन हें द्रव्य अधिक स्रवतें, तें वाढीला आवर घालतें असा तर्क आहे.

माणसाचें मूल म्हणजे कोंबडीचें पिलूं नव्हे, हें खरें. परंतु तैवानांत २०११ सालीं प्राथमिक शाळांतील निम्म्या मुलांची दृष्टि कमी भरली होती. तेथें २०१० पासून मुलांना रोज दोन तास उघड्यावर काढण्याचा प्रघात पाडला गेला, आणि २०१५ पर्यंत तें प्रमाण ४६ टक्क्यांवर आलें.

येथें एक कबुली देणें प्राप्त आहे. फळ्यावरचें चुकीचें उतरविणाऱ्या एका मुलाला आम्हीं वर्षभर आळशी म्हणून बाकावर उभें केलें. पुढें कळलें, त्याला फळा दिसतच नव्हता.

वहिनींना आम्हीं सांगितलें कीं, दिलेला चष्मा लावलाच पाहिजे. न लावल्यानें नंबर थांबत नाहीं. धाकटा नातू सात वर्षांचा आहे; त्याला रोज चार वाजतां घाटावर नेतों. सूर्याकडे पाहूं नकोस एवढें बजावून घारी मोजावयास लावतों. थोरल्याचें कोडें मात्र सुटलेलें नाहीं. त्याची शिकवणी सकाळीं सातला बसते व दिवे लागल्यावर सुटते. दुपारचा डबा गच्चीवर बसून खा, असें आम्हीं त्याला लिहिलें आहे. गच्चीला कुलूप असतें, असें त्याचें उत्तर आलें. तेव्हां पुढच्या आठवड्यांत घरमालकांना भेटण्यास आम्ही स्वतःच लातुरास जाणार आहों.