राउटरचा परवलीचा शब्द



शहरात काय नि खेड्यात काय, आता पुष्कळ घरांतून, शाळांतून इंटरनेट आले आहे. बाहेरून आलेली ही जोडणी घरातल्या सर्वांना वाटून देणारी जी दिवे लुकलुकणारी लहानशी पेटी, तिला राउटर म्हणतात. पाटकऱ्याने पाटाचे पाणी शेताशेतांत सोडावे, तसे तिचे काम.

या पेटीला परवलीचे शब्द, म्हणजे पासवर्ड, दोन असतात. एक वायफायचा, तो आपण पाहुण्यांनाही सांगतो. दुसरा पेटीच्या कारभाराचा. तो सहसा कोणाच्या ध्यानातच नसतो. पुष्कळ कंपन्यांनी, विशेषतः जुन्या पेट्यांना, एकच ठराविक शब्द घालून दिला: नाव 'अ‍ॅडमिन' आणि पासवर्डही 'अ‍ॅडमिन', नाहीतर '१२३४'. शिवाय तो माहितीपत्रकात छापलेला! म्हणजे हजार कुलपांना किल्ली एकच, आणि तीही चव्हाट्यावर टांगलेली.

"आमच्या घरात चोरण्यासारखे आहे काय?" असे कोणी विचारील. त्याचे उत्तर २०१६ साली मिळाले. 'मिराई' नावाचा एक प्रोग्राम इंटरनेटवर दारोदार फिरू लागला. त्याच्यापाशी अशा ठराविक नावा-शब्दांच्या सुमारे ६० जोड्या होत्या. ज्या राउटरचे किंवा कॅमेऱ्याचे दार त्यांतल्या एकीने उघडले, ते यंत्र त्याचे गुलाम झाले. अशी लाखो यंत्रे त्याने जमवली. मालकांना पत्ताच नाही. २१ ऑक्टोबर २०१६ रोजी अशाच यंत्रांनी डाइन या अमेरिकी कंपनीवर मागण्यांचा भडिमार केला. संकेतस्थळांचे पत्ते सांगणे हे तिचे काम. ती गुदमरली, आणि ट्विटर, नेटफ्लिक्स अनेकांना काही तास उघडेनात. डबके आपल्या अंगणातले, पण ताप साऱ्या आळीला, तशातली ही गत!

घरच्यांनाही धोका आहेच. पेटीचा कारभार ज्याच्या हाती गेला, तो पत्ते शोधण्याची तिची सोय बदलू शकतो. मग आपण बँकेचे नाव बरोबर लिहावे आणि उघडावे हुबेहूब दिसणारे खोटे पान! म्हणून ब्राउझर धोक्याची सूचना देईल तेव्हा तेथेच थांबावे.

उपाय दहा मिनिटांचा आहे. पेटीच्या बुडाशी बहुधा १९२.१६८.१.१ असा आकडा असतो. घरच्या वायफायवरच्या फोनमधून ब्राउझरमध्ये तो इंग्रजी आकड्यांत लिहिला की कारभाराचे पान उघडते. तेथे पासवर्ड बदलावा. एकमेकांशी संबंध नसलेले चार-पाच शब्द जोडून तो करावा आणि घरातल्या वहीत लिहून ठेवावा. बाहेरून कारभार करण्याची सोय चालू असेल तर बंद करावी. पेटीमागचे बारीक भोकातले बटण दाबून सारे पूर्ववत केले, तर जुना शब्दही परत येतो, हे विसरू नये.

नुसती पेटी बंद-चालू करून भागत नाही. तसे केल्याने मिराई पुसला जाई खरा. पण शब्द जुनाच राहिला तर काही मिनिटांत परत येई.

ब्रिटनने २९ एप्रिल २०२४ पासून सर्वांना एकच, असा ठराविक शब्द घालून यंत्रे विकण्यास बंदी केली आहे. परंतु आपल्या घरात आणि शाळेत जी पेटी आधीच बसली आहे, तिचा शब्द आपणच बदलला पाहिजे. गुरुजींनी शाळेपासूनच सुरुवात करावी.