भक्त नको, भागीदार वाचक हवा

लेखकाने पुस्तक लिहावे, प्रकाशकाने ते छापावे आणि वाचकाने ते विकत घ्यावे, ही जगाची रीत आहे. परंतु ज्याची लेखणी गुलामांच्या बाजूने उभी राहते त्याच्या बाबतीत ही रीत मध्येच कोठेतरी मोडते. प्रकाशक माघार घेतो, सरकार हात झटकते आणि मग लेखक व वाचक हे दोघेच समोरासमोर उरतात. अशा वेळी त्यांच्यातला पत्रव्यवहार हा केवळ कौतुकाचा मामला राहत नाही. त्या पत्रांवर पुस्तकाचे जगणे-मरणे ठरते. अमेरिकन ऐतिहासिक कादंबरीकार हॉवर्ड फास्ट यांची कहाणी म्हणूनच फुले-आंबेडकरी चळवळीच्या वाचकाने समजून घेण्यासारखी आहे.

फास्ट यांचा जन्म ११ नोव्हेंबर १९१४ रोजी न्यूयॉर्कमधल्या एका गरीब ज्यू कुटुंबात झाला. लहानपणीच आई गेली. पोरवयात वर्तमानपत्रे टाकून त्यांनी घराला हातभार लावला. १९३३ साली, वयाच्या अठराव्या वर्षी, त्यांची पहिली कादंबरी छापून आली. पुढे त्यांनी इतिहास हाच आपला विषय केला, पण तो राजेरजवाड्यांचा नव्हे. १९४४ साली आलेल्या त्यांच्या ‘फ्रीडम रोड’ या कादंबरीचा नायक गिडियन जॅक्सन हा कालपर्यंतचा गुलाम आहे. अमेरिकेतील यादवी युद्धानंतर गुलामगिरी संपते. गिडियन धडपडत अक्षरे गिरवतो, १८६८ साली दक्षिण कॅरोलायनाची नवी राज्यघटना लिहिणाऱ्या परिषदेत प्रतिनिधी म्हणून बसतो आणि पुढे अमेरिकन काँग्रेसपर्यंत पोहोचतो. शेवटी कालचे मालक बंदुका घेऊन परत येतात आणि काळ्या-गोऱ्या गरिबांनी मिळून उभे केलेले सारे उद्ध्वस्त करतात.

गिडियन काल्पनिक असला तरी तो काळ काल्पनिक नाही. त्या वर्षांत मुक्त झालेले गुलाम खरोखरच विधिमंडळांत बसले होते. परंतु अमेरिकेतील प्रस्थापित इतिहासकार कित्येक दशके सांगत राहिले की, काळ्यांना राज्य करता आले नाही, त्यांची ती लायकीच नव्हती. आपल्याकडे राखीव जागेवर निवडून आलेल्या सरपंचाविषयी गावच्या पारावर जे बोलले जाते त्याचीच ही अमेरिकन आवृत्ती होय. या खोट्या इतिहासाला डब्ल्यू. ई. बी. डू बॉइस या कृष्णवर्णीय विद्वानाने १९३५ साली आपल्या ग्रंथातून सप्रमाण उत्तर दिले. तोच काळ फास्ट यांनी कादंबरीत आणून सामान्य वाचकाच्या हाती दिला. ‘फ्रीडम रोड’च्या पुढच्या आवृत्तीला प्रस्तावना आहे ती याच डू बॉइस यांची. १९७९ साली या कादंबरीवरून दूरचित्रवाणीसाठी चित्रपट निघाला, तेव्हा गिडियनची भूमिका मुष्टियोद्धा मुहम्मद अली यांनी केली.

डू बॉइस हे नाव आपल्याला परके नाही. १९४६ साली बाबासाहेबांनी त्यांना पत्र लिहिले होते. त्या पत्रात बाबासाहेब आपली ओळख मोठा नेता म्हणून करून देत नाहीत, तर डू बॉइस यांचे लेखन वाचत आलेला अभ्यासक म्हणून देतात. अस्पृश्यांची आणि अमेरिकेतील कृष्णवर्णीयांची स्थिती सारखी आहे, असे ते सांगतात. कृष्णवर्णीयांच्या वतीने संयुक्त राष्ट्रांकडे जे निवेदन गेले होते, त्याच्या दोन-तीन प्रती ते मागवतात. डू बॉइस यांनी ३१ जुलै १९४६ रोजी उत्तर पाठवले आणि अस्पृश्यांच्या लढ्याविषयी सहानुभूती कळवली. वाचकाने लेखकाला पत्र कसे लिहावे याचा हा वस्तुपाठच आहे. स्तुतीची आरती नाही. आम्ही तुम्हाला वाचले आहे, आमचा आणि तुमचा प्रश्न एकच आहे, आता हा कागद पाठवा म्हणजे आम्हाला पुढचे काम करता येईल, असा त्या पत्राचा रोख आहे.

आता फास्ट यांच्याकडे पुन्हा वळू. ते १९४३ साली कम्युनिस्ट पक्षात गेले होते. स्पेनमधील हुकूमशाहीपासून पळालेल्या निर्वासितांना मदत करणाऱ्या एका समितीवर ते काम करीत. अमेरिकन काँग्रेसच्या चौकशी समितीने या मदत समितीची कागदपत्रे मागितली. त्या कागदांत देणगीदारांची नावे होती. ती नावे देण्यास फास्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नकार दिला. परिणामी १९५० साली त्यांना तीन महिन्यांची कैद भोगावी लागली. ज्यांनी विश्वासाने पैसे पाठवले त्यांची नावे सत्तेच्या हाती पडू नयेत म्हणून हा लेखक तुरुंगात गेला, ही गोष्ट लक्षात ठेवली पाहिजे. पुढच्या घटनेचा अर्थ तिच्यावाचून लागत नाही.

तुरुंगातून सुटल्यावर फास्ट यांनी ‘स्पार्टाकस’ लिहिली. इसवी सनापूर्वी ७३ साली रोमन प्रजासत्ताकातल्या कापुआ येथून काही गुलाम योद्धे निसटले आणि पाहता पाहता त्यांची फौज झाली. दोन वर्षे त्यांनी रोमला घाम फोडला. पराभवानंतर कापुआ ते रोम या रस्त्यावर सहा हजार गुलामांना क्रूसावर लटकवण्यात आले. स्पार्टाकसने स्वतः लिहिलेली एक ओळही मागे राहिलेली नाही. त्याच्याविषयी जे काही उरले ते मालकांच्या बाजूच्या इतिहासकारांनी लिहिलेले. त्यातून खरा माणूस शोधायचा तर पुराव्याला कल्पनेची जोड द्यावीच लागते. बाबासाहेबांनी १९४८ च्या ‘द अनटचेबल्स’ या ग्रंथाच्या प्रस्तावनेत हीच भूमिका मांडली आहे. जेथे दुवे तुटलेले आहेत तेथे अभ्यासकाने हात बांधून बसू नये, कल्पनाशक्तीने ते जोडावेत, असे सांगताना त्यांनी गॉर्कीचा आधार घेतला. ज्यांचा इतिहास पुसला गेला त्यांच्यासाठी ऐतिहासिक कादंबरी ही करमणुकीची बाब नाही, याचे कारण येथे आहे. अण्णा भाऊ साठे यांनी १९५९ साली ‘फकिरा’ लिहिली आणि ती बाबासाहेबांच्या झुंजार लेखणीला अर्पण केली, त्यामागेही हेच भान होते.

‘स्पार्टाकस’ १९५१ साली लिहून झाली. जुन्या प्रकाशन संस्थेतील संपादकाला ती पसंत पडली होती. परंतु सरकारी गुप्तहेर खात्याचा प्रमुख एडगर हूवर याचा निरोप आला की, हे पुस्तक छापू नका, असे फास्ट यांनी पुढे लिहून ठेवले आहे. मग एकामागून एक प्रकाशकांनी दारे लावली. कादंबरी वाईट आहे असे कोणी म्हणत नव्हते. सगळ्यांना आपापली कातडी वाचवायची होती. शेवटी पुस्तक विक्रीच्या धंद्यातल्याच एका माणसाला या भेकडपणाची चीड आली. तुम्ही स्वतः छापा, मी सहाशे प्रती घेतो, असे त्याने फास्ट यांना कळवले. मग घरची शिल्लक, मित्रांची मदत आणि वाचकांकडून आगाऊ मागणी, एवढ्या बळावर लेखकानेच पुस्तक छापले.

आगाऊ मागणी या शब्दांचा अर्थ त्या काळात काय होता? १९५१ ची अमेरिका म्हणजे संशयाने पछाडलेली अमेरिका. चुकीच्या यादीत नाव सापडले म्हणून शिक्षकाची, कारकुनाची, नटाची नोकरी जात होती. अशा दिवसांत नुकत्याच तुरुंगातून आलेल्या लेखकाला, अजून न छापलेल्या पुस्तकासाठी, आपल्या नावापत्त्यानिशी पैसे पाठवणे हे साधे काम नव्हते. ज्याने दुसऱ्यांची नावे सांगितली नाहीत, त्याच्याकडे वाचकांनी आपली नावे सोपवली. त्या पुस्तकाच्या चाळीस हजारांहून अधिक प्रती खपल्या. १९६० साली तिच्यावरून निघालेल्या चित्रपटाने स्पार्टाकस जगभर पोहोचवला. हॉलिवूडचे श्रेय सगळे सांगतात. पण त्याआधी नऊ वर्षे ज्या अनाम वाचकांनी खिशात हात घातला त्यांच्याविषयी कोण बोलतो?

हे वाचताना आपल्याला १९५६ चा सप्टेंबर आठवल्यावाचून राहत नाही. ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ हा ग्रंथ छापण्यासाठी वीस हजारांच्या आसपास खर्च येणार होता आणि तो बाबासाहेबांच्या आवाक्याबाहेर होता. बुद्धाच्या २५०० व्या जयंती वर्षानिमित्त सरकारने सुमारे पाचशे प्रती विकत घेऊन ग्रंथालयांना आणि येणाऱ्या विद्वानांना द्याव्यात, असे पत्र त्यांनी पंतप्रधान नेहरूंना लिहिले. अशा प्रकाशनांसाठी ठेवलेली रक्कम संपली आहे, असे उत्तर आले. समारंभाच्या काळात पुस्तक विक्रीला ठेवावे, असा सल्लाही मिळाला. राज्यघटनेच्या शिल्पकाराच्या ग्रंथाच्या पाचशे प्रती या देशाच्या सरकारला घेता आल्या नाहीत! फास्ट यांना सहाशे प्रती घेणारा एक तरी विक्रेता भेटला होता. ६ डिसेंबर १९५६ रोजी बाबासाहेब गेले. ग्रंथ १९५७ साली निघाला, तेव्हा तो हातात घ्यायला ते नव्हते. त्यानंतर तो ग्रंथ घरोघर नेला तो कोणी? रोजंदारीचे पैसे गाठीला बांधून दीक्षाभूमीवर आणि चैत्यभूमीवर आलेल्या माणसांनी. ज्याला स्वतःला वाचता येत नव्हते त्यानेही मुलाकडून वाचून घेण्यासाठी तो विकत घेतला.

परंतु आपण नुसता अभिमान मिरवून थांबू नये. याच बाबासाहेबांना १९२८ साली ‘बहिष्कृत भारत’मध्ये ‘बहिष्कृत भारताचे ऋण हे लौकिक ऋण नव्हे काय?’ असा सवाल आपल्याच समाजाला करावा लागला होता. पत्राचे रकानेच्या रकाने ते एकटे लिहून काढीत, तरीही पत्र तोट्यातच चालले आणि १९२९ साली बंद पडले. बाबासाहेबांना मानणारे तेव्हाही पुष्कळ होते. वर्गणी भरणारे थोडे होते. मानणे आणि वर्गणी भरणे यांत जे अंतर आहे, तेच भक्त आणि भागीदार यांच्यातले अंतर आहे.

भक्त वाचकाचा दुसरा धोका फास्ट यांच्याच आयुष्यात दिसतो. सोव्हिएत रशियात त्यांची पुस्तके प्रचंड खपत. १९५३ चा स्टालिन शांतता पुरस्कार त्यांना मिळाला. तेथील लेखकांशी त्यांचा स्नेहाचा पत्रव्यवहार होता. त्यांपैकी बोरिस पोलेवॉय हे लेखक न्यूयॉर्कला आले असता फास्ट यांनी ज्यू कवी लेब क्विटको यांची खुशाली विचारली. ते सुखरूप आहेत, असे उत्तर मिळाले. प्रत्यक्षात क्विटको यांना १९५२ सालीच गोळ्या घालून मारण्यात आले होते. १९५६ साली ख्रुश्चेव्ह यांच्या भाषणाने स्टालिनच्या राजवटीचे रक्त उघड्यावर आले, तेव्हा फास्ट यांनी पक्ष सोडला आणि १९५७ साली पुस्तक लिहून आपली फसवणूक जगापुढे मांडली. झाले! कालपर्यंत डोक्यावर घेणाऱ्यांनी त्यांना गद्दार ठरवले आणि सोव्हिएत रशियात त्यांची पुस्तके निघेनाशी झाली. ‘स्पार्टाकस’मधला एक शब्दही बदललेला नव्हता. बदलले ते एवढेच की, लेखकाने स्वतःच्या डोक्याने विचार केला होता. त्याच १९५६ च्या नोव्हेंबरात बाबासाहेब काठमांडूला बुद्ध आणि मार्क्स यांची तुलना करताना हिंसा आणि हुकूमशाहीचा मार्ग नाकारत होते, हेही येथे नमूद केले पाहिजे.

राजकारणातील भक्ती हा अधःपतनाचा आणि अखेर हुकूमशाहीचा मार्ग आहे, असा इशारा बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत दिला. तो साहित्यालाही लागू आहे. भक्त वाचक लेखकाला मखरात बसवतो आणि लेखक हलला की मखरासकट फेकून देतो. भागीदार वाचक पुस्तक विकत घेतो, वाचतो, चूक दिसली तर पत्र लिहून ठणकावतो आणि संकटात लेखकाच्या मागे उभा राहतो.

आज पत्रे थांबली आहेत. लेख आवडला तर मोबाईलवर अंगठा दाखवला जातो, पुस्तक आवडले तर त्याची फुकट फाईल शंभर गटांत फिरवली जाते, आणि त्यालाच आपण चळवळीचा प्रचार समजतो. ती फाईल फिरत असते तेव्हा चैत्यभूमीवर चटई टाकून बसलेला आपलाच छोटा प्रकाशक पुढच्या आवृत्तीचा कागद उधार मागत असतो. सत्तेला नको असलेला इतिहास लिहिणाऱ्याला पूर्वी हूवरची भीती होती. आपल्या लेखकाला आपल्याच वाचकाच्या उदासीनतेची भीती वाटू नये, एवढे तरी आपल्याला करता येईल.

येत्या ६ डिसेंबरला, नाहीतर धम्मचक्र प्रवर्तन दिनाला, एक पुस्तक पूर्ण किंमत देऊन घ्या. ते वाचा. मग लेखकाला चार ओळींचे पत्र लिहा. काय पटले ते लिहा, काय पटले नाही तेही लिहा, आणि पुढच्या पुस्तकाची एक प्रत आगाऊ नोंदवा. डू बॉइस यांना पत्र लिहायला बसलेल्या त्या थोर वाचकाचे आपण वारस आहोत.

जयभीम!