शब्दांची खतावणी

जुन्या पेढीवर दोन वह्या असत. पहिली कीर्द. दिवसभरात जो व्यवहार होई, तो घडेल त्या क्रमाने तीत उतरत असे. परंतु एखाद्या कुळाकडे एकंदर येणे किती, हे पाहण्यासाठी मुनीम कीर्द चाळीत बसत नसे. त्यासाठी खतावणी होती. तीत प्रत्येक नावाचे खाते निराळे, आणि त्याच्या सर्व रकमा तेथे एकत्र मांडलेल्या असत. इंटरनेटवर माहिती शोधून देणारे शोधयंत्र नेमके हेच करते. मात्र त्याची खाती माणसांची नसून शब्दांची असतात.

पुष्कळांची अशी समजूत असते की, आपण प्रश्न लिहिताच हे यंत्र जगभर धावत सुटते व सारी पाने वाचून क्षणार्धात परत येते. वस्तुतः वाचन आधीच झालेले असते. एका पानावरील दुव्यावरून दुसऱ्या पानाकडे जात त्याच्या आज्ञावली अहोरात्र पाने गोळा करतात, प्रत्येक पानास क्रमांक देतात, आणि पानावरील प्रत्येक शब्दाच्या खात्यात तो क्रमांक टाकतात. समजा, 'कोयना' या शब्दाच्या खात्यात ४, ९, १७ व ३० हे क्रमांक आहेत आणि 'धरण' याच्या खात्यात २, ९, १२, ३० व ४१. तुम्ही 'कोयना धरण' असे विचारलेत, की दोन्ही खात्यांवर जणू दोन बोटे ठेवून यंत्र खाली सरकत जाते. ९ आणि ३० हीच पाने दोहोंत सापडतात.

पण पाने रोज नवी येतात, जुनी बदलतात. दर वेळी अवघी खतावणी पुन्हा लिहिणे परवडत नाही. म्हणून पुष्कळ यंत्रे नव्या पानांची एक लहान खतावणी वेगळी ठेवतात आणि सवडीने ती मोठीत मिळवितात. नाहीशा झालेल्या पानांवर तोवर नुसती खूण केलेली असते.

सर्वच शब्द सारख्या मोलाचे नसतात. जो शब्द थोड्याच लेखांत आढळतो त्यास अधिक वजन द्यावे, हा विचार केंब्रिज येथील विदुषी करेन स्पार्क जोन्स यांनी १९७२ साली मांडला. 'कोयना धरण केव्हा बांधले' या प्रश्नातील 'केव्हा' असंख्य पानांवर असेल. 'कोयना' त्या मानाने थोड्यांवर. ऐकल्यावर हे किती साधे वाटते! परंतु शोधयंत्रांना त्याचा फार मोठा उपयोग झाला.

आपल्या मराठीत मात्र एक निराळीच अडचण उभी राहते. एखाद्याने जुन्या विहिरींतील गाळ कसा काढावा, यावर मोठ्या कष्टाने लेख लिहिला. त्यात 'विहिरीत', 'विहिरींना', 'विहिरीवरून' असे शब्द ठायी ठायी आले; 'विहीर' हा एकटा शब्द कोठेच आला नाही. केवळ अक्षरे जुळविणाऱ्या यंत्रास ही सर्व परकी माणसे. 'विहीर' विचारणाऱ्याला तो लेख दिसणारच नाही. म्हणून यंत्राला प्रत्यय काढून, ऱ्हस्व-दीर्घ पूर्ववत करून, मूळ शब्दापर्यंत पोहोचावे लागते. व्याकरणाच्या तासाला तुम्हांला कंटाळवाणे वाटणारे सामान्यरूप त्यालाही चुकत नाही!

तेवढ्यानेही भागत नाही. 'माळेत' आणि 'माळावर' यांचे प्रत्यय काढले, तर दोन्हीकडे 'माळ'च उरते. एक फुलांची, दुसरा गुरे चरण्याचा. येथे शेजारचे शब्द उपयोगी पडतात. जवळ 'दोरा' व 'फुले' असतील तर अर्थ एक, 'गुरे' व 'गवत' असतील तर दुसरा. अलीकडची यंत्रे अशी शेजारपाजारची चौकशी पुष्कळच करतात. तरीही कधी कधी माळरानाची माहिती विचारणाऱ्यापुढे ती फुलांचे हार मांडून ठेवतात.