‘डॉट मिड’ फाइल फोनवर का वाजत नाही?

घरातल्या कुणीतरी वीस वर्षांपूर्वी कीबोर्डवर वाजवून ठेवलेलं गाणं कॉम्प्युटरवर वाजतं, पण फोनवर पाठवलं की उघडत नाही. फाइलच्या नावाशेवटी ‘डॉट मिड’ आहे ना? मग ती मिडी फाइल. तिच्यात आवाज नसतोच! कोणती पट्टी, कधी, किती जोरात दाबली, एवढ्याच सूचना. म्हणून तर अख्खं गाणं काही केबीत मावतं.

आवाज पुरवतो तो साउंडफॉन्ट. जनरल मिडीच्या १२८ वाद्यांत सतार आहे, तबला नाही. त्यामुळे एकीकडे गोड वाटलेली चाल दुसरीकडे खेळण्यातल्या बाजासारखी वाजते.

बरेच जण म्युझस्कोरमध्ये फाइल उघडून एमपी-थ्री काढतात. छापील नोटेशनसाठी ते उत्तम. पण हाताने वाजवलेलं असेल तर जपून! म्युझस्कोर सूर मात्रांच्या चौकटीत बसवतो, आणि समेआधी वडिलांनी घेतलेला तो किंचित थांबा नाहीसा होतो. माझ्याकडून एकदा हेच झालं, आई म्हणाली, “हे त्यांचं नाही वाटत.”

त्यापेक्षा फ्लुइडसिंथ हा मोफत प्रोग्रॅम घ्या. त्याला चांगला साउंडफॉन्ट द्या, वेव्ह फाइल बनवा. ती मिनिटाला साधारण दहा एमबी घेते, म्हणून ऑडॅसिटीत उघडून एमपी-थ्री करा. १९२ केबीपीएसला चार मिनिटांचं गाणं पावणेसहा एमबी होतं.

मूळ मिडी मात्र पुसू नका. उद्या आणखी चांगला साउंडफॉन्ट मिळाला तर तीच लागेल.