फोनमध्ये कॅल्क्युलेटर आला, तरी गल्ल्यावरचा जुना कॅल्क्युलेटर हटला का नाही?

पौष पौर्णिमा आली की ठाणे जिल्ह्यातल्या मुरबाड तालुक्यात म्हशाची जत्रा भरते. जत्रेचं मोठं आकर्षण म्हणजे बैलबाजार. सोबत घोंगड्यांची दुकानंही असतात.

आता समजा, तुम्ही या जत्रेत खरेदीला गेलात. ९०० रुपयांची एक घोंगडी घेतली आणि प्रत्येकी ३०० रुपयांच्या दोन शाली घेतल्या. खिशातून फोन काढला आणि टाइप केलं, ९०० + २ × ३००. उत्तर आलं १५००. बरोबर.

आता हीच बटणं, याच क्रमाने, दुकानदाराच्या जुन्या कॅल्क्युलेटरवर दाबा. उत्तर येईल २,७०,६००.

घाबरू नका. दुकानदार फसवत नाहीये आणि मशीनही बिघडलेलं नाही.

मग एवढा फरक कसा?

शाळेत शिकवलेलं आठवतंय? आधी गुणाकार, मग बेरीज. बहुतेक स्मार्टफोन हा नियम पाळतात. पूर्ण गणित लिहून होईपर्यंत थांबतात आणि मग सोडवतात.

गल्ल्यावरचा साधा कॅल्क्युलेटर थांबत नाही. तुम्ही गुणाकाराचं बटण दाबलं की तो आधीचा हिशोब उरकून टाकतो. ९०० अधिक २ झाले ९०२, मग ९०२ गुणिले ३००. झाले २ लाख ७० हजार ६००.

मग दुकानदाराचं बिल चुकत कसं नाही? कारण तो वेगळी बटणं वापरतो. ९०० टाकून एम प्लस. २ × ३०० टाकून पुन्हा एम प्लस. शेवटी एमआर किंवा एमआरसी दाबलं की १५००. एम प्लस म्हणजे आलेली रक्कम बाजूला साठवत जाणं. काही मॉडेलवर जीटी नावाचं बटण असतं. प्रत्येक वेळी 'बरोबर'चं चिन्ह दाबल्यावर आलेली उत्तरं ते आपणहून बेरजेत धरतं. जीटी म्हणजे ग्रँड टोटल.

फोनमधल्या कॅल्क्युलेटरवर ही बटणं बऱ्याचदा नसतात. वीस वस्तूंचं बिल करणाऱ्या माणसाला नेमकी तीच लागतात. शिवाय मोठी बटणं बोटांना पाठ होतात. नजर वहीवर, बोटं मशीनवर. सपाट काचेवर हे जमत नाही.

१४० किलोपासून खिशापर्यंत

जपानच्या कॅसिओने १९५७ साली १४-ए नावाचं यंत्र आणलं. वजन १४० किलो, आकार टेबलाएवढा, आणि आत टेलिफोन एक्स्चेंजमध्ये असायचे तसे रिले. १९६४ मध्ये शार्पने ट्रान्झिस्टरवर चालणारं मॉडेल आणलं. ते २५ किलोंचं होतं. १९७२ साली आलेला कॅसिओ मिनी मात्र हातात मावायचा. किंमत १२,८०० येन. दहा महिन्यांत त्याचे दहा लाख नग विकले गेले.

या सगळ्यात एक गंमत घडली. बिझिकॉम या जपानी कंपनीला कॅल्क्युलेटरसाठी चिप हव्या होत्या. काम मिळालं इंटेलला. त्यातून १९७१ मध्ये इंटेल ४००४ हा मायक्रोप्रोसेसर बाजारात आला. आज फोन चालतो तो मायक्रोप्रोसेसरवरच. म्हणजे ज्या फोनने कॅल्क्युलेटर गिळला, त्याचं मूळ कॅल्क्युलेटरमध्येच आहे.

बोटाने आकडे गायब करण्याचा खेळ

सुरुवातीच्या कॅल्क्युलेटरवर आकडे लाल किंवा हिरवट उजेडात चमकायचे. दिसायला भारी, पण सेल खायचे. मग एलसीडी आली. ती स्वतः उजेड देत नाही, बाहेरच्याच उजेडात काळे आकडे दाखवते. त्यामुळे तिला वीज इतकी कमी लागते की ट्यूबलाइटखालचा छोटा सोलर पॅनेलही पुरतो.

नव्वदच्या दशकात लहान असलेल्यांनी एक प्रयोग नक्की केला असेल. पॅनेलवर बोट ठेवायचं आणि आकडे फिके होत जाताना बघायचे. तुमच्या घरच्या कॅल्क्युलेटरवर आकडे जात नसतील, तर आत सेलही आहे. टू वे पॉवर म्हणतात ते हेच. आणि काही स्वस्त मॉडेलवरचा पॅनेल निव्वळ शोभेचा असतो, हेही खरं.

दुसरा खेळ म्हणजे ०.७७३४ टाकून कॅल्क्युलेटर उलटा धरायचा आणि इंग्रजीत हॅलो वाचायचं. हे जमतं कारण तिथला प्रत्येक आकडा सात छोट्या रेघांनी बनतो आणि आकडे इंग्रजी असतात. म्हणून वहीत मराठी आकडे लिहिणारे दुकानदारही मशीनवर इंग्रजीच वाचतात.

आठवण नेमकी कशाची?

एक काळ असा होता, की पावकी, निमकी, दिडकी तोंडपाठ असणारे आजोबा या मशीनवर नाराज होते. यंत्रामुळे पोरांची डोकी गंजणार, असं त्यांना वाटायचं. आज तेच यंत्र आठवणींच्या कपाटात जाऊन बसलंय.

पण बाजारात ते अजून कामावर आहे. जीएसटी आल्यावर कॅसिओने २०१८ मध्ये खास भारतासाठी जीएसटीची बटणं असलेली मॉडेल आणली. मोरबीच्या ओरपॅटचे आणि सिटिझनचे कॅल्क्युलेटर आजही दुकानादुकानात दिसतात.

यामागे आणखी एक कारण आहे. महाराष्ट्रातल्या बैलबाजारांत भाव ठरवायची एक जुनी रीत आहे. उपरण्याखाली किंवा टॉवेलाखाली दोघांचे हात जातात आणि बोटं दाबून सौदा होतो. भोवती गर्दी असते, पण आकडा फक्त घेणाऱ्याला आणि देणाऱ्याला कळतो.

दुकानातला कॅल्क्युलेटर हेच काम उपरण्याशिवाय करतो. दुकानदार आकडा टाइप करतो आणि मशीन गिऱ्हाइकाकडे फिरवतो. गिऱ्हाईक मान हलवतं, सी दाबतं आणि आपला आकडा टाकतं. मशीन पुन्हा फिरतं. भाषा येत नसेल, ऐकू कमी येत असेल, लिहिता-वाचता येत नसेल, तरी आकडा दोघांना सारखाच दिसतो.

फोनचं तसं नाही. त्यात आपले मेसेज असतात, फोटो असतात, पैसे असतात. तो असा कुणाच्याही हातात देता येत नाही. कॅल्क्युलेटरमध्ये मात्र लपवण्यासारखं काहीच नसतं. म्हणून तो दोघांच्या मधे निवांत पडून राहू शकतो.

घरातल्या कपाटात एखादा जुना कॅल्क्युलेटर सापडला, तर लगेच भंगारात टाकू नका. सेल बदलून बघा. चालू झाला, की ९०० + २ × ३०० करून बघा. २,७०,६०० आलं, तर समजा तब्येत उत्तम आहे.