जुगारगृहातील प्रवेशबंदी

जुगाराच्या अड्ड्याच्या किंवा परवानाधारक जुगारगृहाच्या (कॅसिनोच्या) चालकाने एखाद्या व्यक्तीस खेळण्यास मज्जाव करणे, यास जुगारगृहातील प्रवेशबंदी म्हणता येईल. फसवणूक करणारे, अल्पवयीन, मद्यधुंद वा देणे बुडविणारे यांच्यावर अशी बंदी घातली जाते, यात नवल नाही. वादाचा विषय ठरला आहे तो वेगळाच : खेळाचे सर्व नियम पाळून वारंवार जिंकणाऱ्यालाही चालक बाहेर काढतो काय? फार जिंकणाऱ्याला कोणतेही जुगारगृह टिकू देत नाही, असा सर्वसाधारण समज आहे. वस्तुस्थिती अशी, की केवळ दैवयोगाने जिंकणाऱ्याचे तेथे स्वागतच होते. मज्जाव होतो तो ज्याच्या जिंकण्यामागे गणित असते त्याला. हा भेद ध्यानात येण्यासाठी चालक स्वतः खेळात असतो की नाही, हे प्रथम पाहावे लागते.

प्राचीन भारतीय द्यूतगृहाचा चालक, म्हणजे सभिक, हा चालक या नात्याने खेळातील प्रतिपक्ष नसे. द्यूताध्यक्षाने जुगार एकाच ठिकाणी चालवावा, खेळाचे साहित्य पुरवावे आणि जिंकलेल्या द्रव्यातून शेकडा पाच घ्यावे, असे कौटिलीय अर्थशास्त्रात सांगितले आहे. याज्ञवल्क्यस्मृतीत मोठ्या रकमेवर शेकडा पाच व एरवी शेकडा दहा असा सभिकाचा वाटा दिला असून, जिंकलेले धन जेत्याला मिळवून देणे हे त्याचे कर्तव्य मानले आहे. मृच्छकटिक नाटकात माथुर नावाचा सभिक ज्याचा पाठलाग करतो, तो संवाहक हरलेला असतो, जिंकलेला नव्हे. पत्त्यांच्या अड्ड्यावर जागेचा मालक डावामागे जो वाटा काढून घेतो, त्यास आजही ‘नाल’ म्हणतात. नाल घेणाऱ्याला कोण जिंकले याच्याशी कर्तव्य नसते. उलट, जेत्याचे पैसे बुडाले तर अड्ड्याची पत जाते.

घोड्यांच्या शर्यतीतील टोटॅलिझेटर व लॉटरी यांचेही तसेच. जमलेल्या रकमेतून चालकाचा भाग आधीच वेगळा निघतो आणि उरलेली रक्कम जेत्यांत वाटली जाते. १९६९ मध्ये सुरू झालेल्या महाराष्ट्र राज्य लॉटरीला मोठे बक्षीस मिळविणारा माणूस म्हणजे फुकटची जाहिरातच होती. पुढे रत्नागिरीत स्थानबद्ध होऊन तेथेच १९१६ मध्ये निधन पावलेला ब्रह्मदेशाचा राजा थिबा याच्या कारकीर्दीत (१८७८–८५) मंडालेत सरकारी लॉटऱ्या निघाल्या होत्या, त्याही खजिन्यात भर पडावी म्हणूनच.

कॅसिनोची रचना याहून मुळात निराळी असते. तेथे बहुतेक खेळांत चालक स्वतःच प्रतिपक्ष असतो व खेळाडूने जिंकलेला प्रत्येक रुपया त्याच्या तिजोरीतून जातो. असे असूनही तो निर्धास्त असतो, याचे कारण खेळाच्या नियमांतच दडलेले आहे. यूरोपीय रूलेटच्या चक्रावर शून्य धरून ३७ खाने असतात. पण अचूक आकड्यावर पैसे लावणाऱ्यास एकास पस्तीस या दरानेच लाभ मिळतो. प्रत्येक खान्यावर १०० रुपये ठेवल्यास ३,७०० रुपये गुंततात आणि मुद्दलासह ३,६०० परत येतात. ही १०० रुपयांची तूट, म्हणजे शेकडा सु. २·७, हे चालकाचे आधिक्य होय. अमेरिकन चक्रावर दोन शून्ये असल्यामुळे ते शेकडा सु. ५·२६ पर्यंत जाते.

हे आधिक्य दिसायला अल्प असले, तरी डावांची संख्या वाढते तसा त्याचा प्रभाव वाढत जातो. लाल वा काळ्या रंगावर दर वेळी सारखीच रक्कम लावणाऱ्या शंभर खेळाडूंपैकी शंभर डावांनंतर सु. पस्तीस जण फायद्यात असतात. दहा हजार डावांनंतर मात्र हजार खेळाडूंत जेमतेम तीन-चार जण फायद्यात उरतात. संभाव्यताशास्त्रातील महासंख्यांचा नियम तो हाच; याकोब बेर्नुली याचे त्यावरील लेखन १७१३ मध्ये त्याच्या मृत्यूनंतर प्रसिद्ध झाले. एका रात्रीत भरपूर जिंकलेला खेळाडू हा म्हणून चालकाच्या दृष्टीने धोका नसतो. तो पुन्हा न येणे, हाच खरा धोका. ही भीती टाळण्यासाठी त्याला उत्तम खोली, भोजन व मद्य विनामूल्य देऊन राहवून घेण्याची प्रथा आहे. अपवादात्मक मोठ्या फटक्यापासून रक्षण व्हावे, म्हणून प्रत्येक टेबलावर लावावयाच्या रकमेची कमाल मर्यादाही ठरवून दिलेली असते.

चार्ल्‌स वेल्स या इंग्रजाने १८९१ मध्ये माँटी कार्लो येथे अनेकदा ‘बँक फोडली’, म्हणजे एका टेबलासाठी ठेवलेली गंगाजळी संपविली. अशा वेळी टेबलावर काळे वस्त्र पांघरून नवीन रक्कम येईपर्यंत खेळ थांबविण्याचा तेथे रिवाज होता. या समारंभाने गर्दी वाढत असे. वेल्सला कोणी हाकलले नाही. त्याची कीर्ती जुगारगृहाच्या पथ्यावरच पडली आणि पुढच्या काळात त्याचे पैसेही गेले. आकिओ काशिवागी या जपानी व्यापाऱ्याचे उदाहरण अलीकडचे आहे. १९९० च्या फेब्रुवारीत अटलांटिक सिटी येथील ट्रंप प्लाझामध्ये बॅकरॅट खेळून तो सु. साठ लाख डॉलर जिंकला. त्याला पुन्हा बोलावण्यात आले व मे महिन्यात तो सु. एक कोटी डॉलर हरला.

ब्लॅकजॅक या पत्त्यांच्या खेळात मात्र हे सर्व गणित उलटू शकते. रूलेटच्या चक्राला मागचा डाव आठवत नाही. पत्त्यांच्या जोडातून गेलेले पान मात्र पुन्हा पिसेपर्यंत परत येत नाही. लहान पाने निघून गेली व दश्श्या, चित्रे आणि एक्के शिल्लक राहिले, की पुढील डाव खेळाडूला अनुकूल होतात. अशा वेळी रक्कम वाढवायची व एरवी ती किमान ठेवायची, हे या पद्धतीचे सूत्र. अमेरिकन गणितज्ञ एडवर्ड थॉर्प (१९३२– ) याने आयबीएम ७०४ या संगणकाच्या साहाय्याने याचे गणित मांडले आणि १९६२ मध्ये ते पुस्तकरूपाने सर्वसामान्यांसमोर ठेवले. कुशल खेळाडूला या पद्धतीने मिळणारा लाभ शेकडा एकाच्या आसपासच असतो. पण महासंख्यांचा नियम आता त्याच्या बाजूने काम करू लागतो. चालकाला भिववणारी गोष्ट ती हीच.

१९६४ च्या एप्रिलमध्ये लास व्हेगसच्या चालकांनी ब्लॅकजॅकचे नियमच बदलले. परिणामी सामान्य खेळाडूंनी त्या टेबलांकडे पाठ फिरविली आणि थोड्याच आठवड्यांत जुने नियम परत आणावे लागले. पुस्तक वाचून आपल्यालाही जिंकता येईल, असे वाटणारे हजारो लोक ती पद्धत चुकीच्या रीतीने वापरून हरत होते. त्या गर्दीला मुकणे परवडणारे नव्हते. त्यानंतर नियम तेच ठेवून माणसे निवडण्याचे धोरण आले. सहा वा आठ जोड एकत्र वापरणे, पाने मध्येच पिसणे, संशयिताची कमाल रक्कम घटविणे हे प्राथमिक उपाय होत. तेवढ्याने भागले नाही, तर अन्य कोणताही खेळ खेळा, पण ब्लॅकजॅक नको, असे सौम्य शब्दांत सांगण्यात येते, आणि शेवटी आवारात पाऊल न ठेवण्याची ताकीद मिळते. अशा खेळाडूंची छायाचित्रे जुगारगृहांना पुरविणाऱ्या खाजगी गुप्तहेर संस्थाही अमेरिकेत निर्माण झाल्या.

हे न्याय्य आहे काय, यावर न्यायालयांचे एकमत नाही. खाजगी जागेत कोणाला राहू द्यायचे हे मालकाने ठरवावे, हे तत्त्व इंग्लिश न्यायालयाने १८४५ मध्ये डॉन्कास्टरच्या शर्यतीच्या मैदानावरून काढून लावलेल्या एका तिकीटधारक प्रेक्षकाच्या खटल्यात उचलून धरले होते. नेव्हाडात पत्ते मोजणे हा गुन्हा नाही. तथापि मोजणाऱ्याला बाहेर काढण्याची चालकाला मुभा आहे. न्यू जर्सीच्या सर्वोच्च न्यायालयाने मात्र केन अस्टन (१९३५–८७) याने रिझॉर्ट्स इंटरनॅशनल या जुगारगृहाविरुद्ध लढविलेल्या खटल्यात १९८२ मध्ये वेगळा निर्णय दिला. ब्लॅकजॅकचे नियम ठरविण्याचा अधिकार विधिमंडळाने शासकीय आयोगाला दिलेला असल्यामुळे, केवळ डोके वापरून खेळतो म्हणून कोणासही चालकाने परस्पर वगळता कामा नये, असे न्यायालयाने म्हटले. अस्टनचा हा विजय कागदावरच राहिला, असे म्हणावे लागते. जोडांची संख्या वाढवून व पाने हवी तेव्हा पिसून अटलांटिक सिटीच्या चालकांनी तोच परिणाम साधला. लबाडीची गोष्ट वेगळी. फिल आयव्ही या खेळाडूने २०१२ मध्ये लंडनच्या एका जुगारगृहात पत्त्यांच्या पाठीवरील छपाईतील सूक्ष्म फरक ओळखून सु. ७७ लाख पौंड जिंकले. पाने विशिष्ट दिशेने फिरवून घेण्यासाठी त्याने व त्याच्या सोबतिणीने वाटणाऱ्याला अंधश्रद्धेची सबब सांगितली होती. २०१७ मध्ये ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने ही फसवणूक ठरविली व त्याला पैसे मिळाले नाहीत.

महाराष्ट्रात प्रश्नाचे स्वरूपच निराळे आहे. सार्वजनिक जुगारगृह चालविणे हा १८८७ च्या मुंबई जुगार प्रतिबंधक अधिनियमाने गुन्हा ठरविला आहे. १९७६ मध्ये राज्याने कॅसिनोंचे नियमन व त्यांवरील कर यांविषयीचा अधिनियम संमत केला होता. पण तो कधीही अंमलात आला नाही व २०२३ मध्ये मंत्रिमंडळाने तो रद्द करण्याचे ठरविले. येथे सर्वाधिक फोफावला तो मटका. न्यूयॉर्कच्या कापूस बाजारातील उघडत्या व मिटत्या भावांवर मुंबईत चालणारा सट्टा १९६० नंतर बंद पडला, तेव्हा कल्याणजी भगत याने वरळीस व पुढे रतन खत्री याने आकडे काढण्याची नवी पद्धत रूढ केली. शून्य ते नऊ यांपैकी एका आकड्यावर लावलेल्या रुपयाला सामान्यतः नऊ रुपये मिळत. दहा शक्यतांना नऊचा भाव, म्हणजे चालकाचे आधिक्य शेकडा दहा; यूरोपीय रूलेटच्या जवळजवळ चौपट. मुंबईच्या गिरण्यांत रत्नागिरी जिल्ह्यातून आलेल्या कामगारांचा भरणा मोठा होता. गिरणगावात मटक्याला जो बहर आला, त्यात गावाकडे मनिऑर्डरने जाऊ शकणारा पैसाही आटला.

मटक्यात गणिताने जिंकणे आकडा आधीच फुटल्याखेरीज शक्य नव्हते. त्यामुळे खेळणाऱ्यावर बंदी घालण्याचे कारणही नव्हते. एकाच आकड्यावर फार पैसा आला, तर बुकी तो बोजा मोठ्या बुकीकडे सरकवी किंवा तो आकडा घेणे थांबवी. नकार आकड्याला असे, माणसाला नव्हे. जेत्याची खरी अडचण पुढे येई. भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम ३० नुसार पैजेचा करार शून्य असून जिंकलेल्या पैशासाठी दावा लावता येत नाही. पैजेचा करार शून्य असला तरी तो बेकायदेशीर म्हणता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९५९ मध्ये घेरुलाल पारख खटल्यात स्पष्ट केले. पण त्याने जेत्याच्या हाती काही पडत नाही. बुकीने पैसे देण्याचे नाकारले, तर दाद मागण्यास जागा नाही. मटक्याचा सारा व्यवहार चिठ्ठीवर व शब्दावर चाले आणि तो पाळला जाई, याचे कारण बुकीची सचोटी नसून, शब्द मोडल्यास दुसऱ्या दिवशी गिऱ्हाईक येणार नाही, ही जाणीव होती.

१९८१ मध्ये सिंधुदुर्ग जिल्हा वेगळा होईपर्यंत जुन्या रत्नागिरी जिल्ह्याची दक्षिण सीमा गोव्याला भिडलेली होती. त्या सीमेपलीकडे कायदा बदलतो. गोव्याच्या १९७६ च्या सार्वजनिक जुगार अधिनियमात १९९२ मध्ये नवे कलम घालून पंचतारांकित हॉटेलांतील यांत्रिक जुगाराला व १९९६ मध्ये जहाजांवरील टेबलांच्या खेळांना शासनाच्या परवानगीने मुभा देण्यात आली. पणजीजवळ मांडवीत नांगरलेली जुगारजहाजे ही त्याची परिणती होय. या जहाजांच्या संदर्भात शासनाने घातलेल्या बंदीचा रोख मात्र जेत्यांवर नाही. २१ वर्षांखालील व्यक्तींना तेथे खेळता येत नाही आणि १ फेब्रुवारी २०२० पासून खुद्द गोमंतकीयांना खेळाच्या दालनांत मज्जाव करण्यात आला आहे. कोकणातून वा घाटावरून आलेल्या पाहुण्याला असा कोणताही अडसर नाही. मोनाकोचे नागरिक माँटी कार्लोच्या खेळाच्या दालनांत जाऊ शकत नाहीत व नेपाळी नागरिकांना काठमांडूच्या कॅसिनोंत खेळता येत नाही. उत्पन्न हवे, पण हरणारा परका असावा, असे हे धोरण आहे.

हरणाऱ्याने स्वतःच आपल्यावर बंदी घालून घेण्याची सोय मिसूरी या अमेरिकन राज्याने १९९६ मध्ये केली व तिचे अनुकरण अन्यत्र झाले. सिंगापूरमध्ये २०१० साली कॅसिनो उघडले, तेव्हा याच्याही पुढचे पाऊल टाकण्यात आले : तेथे जुगारी माणसाचे कुटुंबीय अर्ज करून त्याच्यावर प्रवेशबंदी आणू शकतात.