वाऱ्याला आडोसा, घामाला वाट

पहाटेच्या प्रार्थनेची घंटा होते त्या वेळी आमच्या गावच्या रस्त्यावर पूर्वी दोनच माणसे दिसत: सायकलवरून भोंगा वाजवीत येणारा पोदेर आणि मासळीची पाटी घेतलेली एखादी बाई. आता त्यांच्या जोडीला धावणारी मुलेमुलीही दिसू लागली आहेत. कोणी पोलिसांच्या किंवा सैन्याच्या भरतीची तयारी करीत असतो, कोणाला मधुमेहासाठी डॉक्टरांनी चालावयास सांगितलेले असते व चालता चालता तो धावू लागलेला असतो, तर कोणाला केवळ शर्यतीची हौस असते. पणजीस मिरामारपासून दोनापावलापर्यंतचा रस्ता सूर्योदयापूर्वी अशा मंडळींनी गजबजून जातो. २०१९ साली याच मिरामारच्या किनाऱ्यावर ‘आयर्नमॅन ७०.३’ ही शर्यत प्रथम भरली, १.९ किलोमीटर पोहणे, ९० किलोमीटर सायकल आणि २१.१ किलोमीटर धावणे असे तिचे तीन भाग असतात. २०२३ मध्ये ३७ व्या राष्ट्रीय क्रीडास्पर्धा गोव्यात झाल्या. अशा प्रसंगांनी तरुणांचा हुरूप वाढतो. पेडणे आणि डिचोली तालुक्यांतील आडगावची मुलेही आज धावत आहेत, ही आनंदाची गोष्ट होय.

परंतु नव्या छंदाबरोबर नव्या वस्तू घरात येतात, आणि वस्तू समजून न घेता वापरली तर ती उपकाराऐवजी अपकार करते. धावताना अंगात घालावयाच्या वाऱ्याच्या जाकिटाविषयी मी आज लिहीत आहे. धर्मगुरूने जाकिटांविषयी कशाला लिहावे, असे कोणी विचारील. त्यास कारण घडले ते असे.

थंडीच्या दिवसांत एक माऊली माझ्याकडे आली. “फादर, पोरगा काळोखातच पातळ बनियनवर धावायला जातो. वारा लागला तर छातीत भरेल. माझं ऐकत नाही, तुमचं तरी ऐकेल,” असे ती काकुळतीने म्हणाली. मी मुलाला बोलावून घेतले आणि म्हटले, “अरे, आईचे ऐकावे. अंगात काहीतरी जाडसर घालून धावत जा.” मुलगा आज्ञाधारक. त्याने वडिलांचे मोटारसायकलवर घालावयाचे पावसाळी जाकीट काढले, गळ्यापर्यंत चेन ओढली आणि तो धावू लागला. पुढे एका मित्राने त्यास सांगितले की, घाम जितका अधिक तितके वजन लवकर उतरते. मग थंडी सरली तरी जाकीट सुटले नाही. मार्च महिन्यात एके सकाळी मैदानाच्या कडेला तो कोसळला. तो असंबद्ध बोलत होता. सोबत्यांनी प्रसंगावधान राखून जाकीट काढले, अंगावर पाणी ओतले व त्यास दवाखान्यात नेले. देवाच्या दयेने संध्याकाळी तो घरी आला. “हे घालून धावायला याला कोणी सांगितले?” असे डॉक्टरांनी विचारले, तेव्हा मुलाने माझे नाव घेतले नाही. ते मलाच घ्यावे लागले.

माझा सल्ला मायेचा होता, पण अज्ञानाचा होता. त्यानंतर मी जे विचारून व वाचून समजून घेतले, ते आपणांपुढे ठेवतो.

घाम हा शत्रू नव्हे

धावताना स्नायूंतून पुष्कळ उष्णता निर्माण होते. ती बाहेर टाकण्याचा शरीराचा मुख्य मार्ग म्हणजे घाम. तथापि घाम नुसता येऊन भागत नाही. तो वाळला पाहिजे. एक लिटर घाम वाळून हवेत जाताना शरीरातील सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता बरोबर नेतो. जो घाम टपटप गळून जमिनीवर पडतो, किंवा प्लास्टिकच्या आत साचून राहतो, तो जवळजवळ काहीच थंडावा देत नाही. मातीच्या मडक्यातील पाणी थंड होते ते मडके पाझरते म्हणून. त्याच मडक्यास बाहेरून रंग फासला तर पाणी कोमट राहील. रबरी जाकिटात धावणाऱ्याची तीच गत होते.

घामाने उतरलेले वजन हे चरबीचे नसून पाण्याचे असते. दोन तांबे पाणी प्यायले की ते परत येते. १९९७ च्या अखेरीस अमेरिकेत महाविद्यालयीन कुस्तीगिरांपैकी तिघे तरुण झटपट वजन उतरविण्याच्या प्रयत्नात अवघ्या काही आठवड्यांच्या अंतराने मरण पावले. घाम काढण्यासाठी अंगावर चढविलेले रबरी कपडे हा त्या प्रयत्नाचा भाग होता. त्यानंतर तेथील महाविद्यालयीन क्रीडासंघटनेने अशा कपड्यांवर बंदी घातली. आमच्या मुलांनी हे ध्यानात ठेवावे.

आणि मातांनी दुसरी गोष्ट ध्यानात ठेवावी. सर्दी होते ती विषाणूंमुळे. धावणाऱ्याच्या अंगाला लागलेला पहाटेचा वारा हा काही तिचा उगम नव्हे. धावणारे शरीर स्वतःच चुलीसारखे तापलेले असते. त्यास पांघरूण नको, वाट हवी.

मग जाकीट कशाला?

आमच्या किनाऱ्यावर दिवसा समुद्राकडून खारे वारे येतात आणि रात्री जमीन लवकर निवते म्हणून पहाटेपर्यंत जमिनीकडून समुद्राकडे मतलई वारे वाहतात. हिवाळ्यातील पहाटे मांडवीच्या काठी ते चांगलेच जाणवतात. पणजीहून रायबंदरला जाणारा जुना बांध घ्या. १६३३-३४ साली व्हाइसरॉय काउंट ऑफ लिन्यारिस याच्या काळात बांधलेला हा सुमारे तीन किलोमीटरांचा रस्ता. एका बाजूस नदी, दुसऱ्या बाजूस मिठागरांची सपाटी. वाऱ्याला अडविणारे काही नाही. समोरून ताशी २० किलोमीटरचा वारा असेल आणि मनुष्य १० च्या गतीने धावत असेल, तर त्याच्या छातीवर ३० चा वारा आदळतो. परतताना तोच वारा पाठीशी येतो व केवळ १० चा भासतो. म्हणजे जाताना जे जाकीट सुखकर वाटले, तेच येताना भट्टी होते. ते चटकन काढून खिशात ठेवता आले पाहिजे, ही पहिली अट येथूनच निघते.

परंतु खरा गारठा धावताना लागत नाही. तो धावणे थांबल्यावर लागतो. पेडण्याहून किंवा डिचोलीहून पणजीच्या शर्यतीस येणारा मुलगा सुमारे तीस किलोमीटर दुचाकीवरून येतो आणि शर्यत संपल्यावर घामाने चिंब झालेल्या सदऱ्यावर तसाच परत निघतो. ताशी चाळीस किलोमीटर वेगाच्या दुचाकीवर चाळीसचा वारा त्या ओल्या सदऱ्यावर आदळत असतो. यास्तव माझे मत असे झाले आहे की, आमच्या हवेत हे वस्त्र मुख्यत्वे धावण्याच्या आधी आणि नंतर घालावयाचे. धावताना अंगावर ठेवण्याचे प्रसंग थोडे.

एक नाव, तीन वस्तू

बाजारात ‘विंडचीटर’ मागितले की म्हापशाच्या काय किंवा पणजीच्या काय, दुकानात तीन निरनिराळ्या वस्तू पुढे येतात, आणि घोटाळा तेथेच होतो.

पहिले रबराचा अगर प्लास्टिकचा थर दिलेले पावसाळी जाकीट. ते पाणी अडविते, वारा अडविते आणि घामही अडविते. दुचाकीवर ते उत्तम, धावण्यास घातक.

दुसरे झिरपणारे पडदे लावलेले महागडे जाकीट. १९६९ साली अमेरिकेत बॉब गोर यांना असे आढळले की, टेफ्लॉन झटक्याने ताणल्यास त्यात अतिसूक्ष्म छिद्रे पडतात. त्यांतून पाण्याचा थेंब जात नाही, परंतु वाफ जाते. त्यापासून बनलेले कापड आज जगभर डोंगरी प्रवासात वापरतात. अशा जाकिटांच्या चिठ्ठीवर ‘चौरस मीटरमागे चोवीस तासांत १०,००० ग्रॅम वाफ’ असे आकडे असतात. ते खोटे नसतात, पण ते प्रयोगशाळेतील आहेत. वाफ बाहेर जाते ती आतली हवा दमट व बाहेरची कोरडी असेल तर. आमच्या पावसाळ्यात बाहेरची हवाच ओलीचिंब असते. मग वाफेने जावे कोठे? थंड देशात जे जाकीट चांगले चालते, तेच जुलै महिन्यात पणजीत अंगाला चिकटून बसते. आकड्यावर भाळून पैसे घालवू नयेत.

तिसरे म्हणजे केवळ घट्ट विणलेल्या बारीक नायलॉनचे किंवा पॉलिएस्टरचे पातळ जाकीट, ज्याला आतून कोणताही थर नसतो. हेच आपले. त्याचा धागा ‘डेनिअर’मध्ये मोजतात. २० डेनिअर म्हणजे असा धागा की, त्याच्या ९,००० मीटर लांबीचे वजन केवळ २० ग्रॅम भरते! म्हणूनच संपूर्ण जाकीट १०० ग्रॅमच्या आसपास, म्हणजे साबणाच्या एका वडीएवढे असू शकते. ते मुसळधार पावसात भिजेल, हे आधीच मान्य करावे.

ही युक्ती अगदी नवी आहे असेही नव्हे. १८७९ साली इंग्लंडमध्ये थॉमस बर्बरी यांनी गॅबर्डीन हे दाट विणीचे कापड काढले, ते वारा व पाऊस रोखी आणि तरीही अंग घुसमटवीत नसे. आमचा धनगर तर लोकरीचे कांबळे डोक्यावरून घेऊन पिढ्यान्‌पिढ्या हेच करीत आला आहे: वाऱ्याला आडोसा, अंगाला वाट.

पारख कशी करावी

दुकानदाराची परवानगी घेऊन कापडाचा एक पदर तोंडाशी धरा आणि जोराने फुंका. हवा सहज पार गेली तर वारा अडणार नाही. मुळीच गेली नाही तर घाम जाणार नाही. जरा कष्टाने, थोडी थोडी गेली, तर ते वस्त्र योग्य. घरी आणखी एक परीक्षा करता येते. कढत पाण्याच्या पेल्यावर जाकिटाचा पदर ताणून धरावा व त्यावर थंड, कोरडा काचेचा पेला पालथा घालावा. काही क्षणांत वरच्या पेल्यावर धुके धरले, तर वाफेस वाट आहे असे समजावे.

नंतर शिवण पाहावी. चेन वरपासून खालपर्यंत असावी, म्हणजे धावता धावता हवे तेवढे उघडता येते. काखेत किंवा पाठीवर जाळी अथवा झडप असावी, कारण घाम तेथे अधिक येतो. मनगटावर हलके इलास्टिक असावे. अंगात घालून हात पुढेमागे जोराने हलवून बघावे. कापड काखेत ताणू नये आणि शिडासारखे फडफडूही नये. जाकीट स्वतःच्याच खिशात गुंडाळता आले तर फारच उत्तम. रंग फिकट व उठून दिसणारा घ्यावा, आणि पाठीवर प्रकाश परावर्तित करणारी पट्टी अवश्य असावी. आमच्या अरुंद, वळणाच्या रस्त्यांवर पहाटे वाऱ्यापेक्षा वाहनांचे भय अधिक आहे. आतून सुती बनियन मात्र नको. सूत घाम शोषून ओले राहते.

धुताना सौम्य साबण वापरावा, कापड मऊ करणारी द्रव्ये व कडक इस्त्री टाळावी, सावलीत वाळवावे. पावसाळ्यात ओले जाकीट पिशवीत कोंबून ठेवल्यास दोन दिवसांत बुरशी धरते, हे आपल्या गृहिणींना सांगावयास नको.

जेथे जाकीट प्राण वाचविते

हे सारे वाचून कोणी जाकिटाची थट्टा करू नये. आमची मुले आता दूरच्या शर्यतींस जातात. साताऱ्याची शर्यत यवतेश्वरचा घाट चढते. लडाखमधील एक शर्यत तर ५,३०० मीटरांहून उंच खारदुंग ला खिंडीतून जाते. अशा ठिकाणी गणित उलटे होते.

२२ मे २०२१ रोजी चीनच्या गान्सू प्रांतात १०० किलोमीटरची डोंगरी शर्यत होती. १७२ जण धावत होते. बहुतेकांच्या अंगावर अर्ध्या चड्ड्या व पातळ सदरे. दुपारी एकाएकी वादळी वारा, गारा आणि पाऊस आला, तपमान झपाट्याने उतरले, आणि २१ जण गारठून मरण पावले. त्यांत नामांकित धावपटूही होते. वाऱ्याचे जाकीट बरोबर घ्यावे अशी शिफारस होती, परंतु सक्ती नव्हती. त्या दिवशी झू केमिंग नावाचा एक मेंढपाळ गुहेत आसरा घेऊन बसला होता. त्याने गारठलेल्यांना एकेक करून आत आणले, शेकोटी पेटविली, आपली पांघरुणे दिली आणि सहा जणांचे प्राण वाचविले.

तेव्हा नियम एवढाच: जेथे धावावयाचे तेथील हवा आधी पाहावी. किनाऱ्यावर घामाला जपावे, डोंगरावर वाऱ्याला. सोबत्यास घेरी आली, तो भलते बोलू लागला, तर त्याला सावलीत न्यावे, जाड कपडे काढावे, अंगावर पाणी ओतून वारा घालावा आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. ‘थोडा बसेल, बरा होईल’ म्हणून वेळ दवडू नये.

तो मुलगा आज पुन्हा धावतो. त्याच्या आईने भिशीच्या पैशांतून त्याला एक पातळ, पिवळे जाकीट घेऊन दिले आहे. जाताना ते अंगात असते, धावताना कमरेच्या पिशवीत आणि परतताना पुन्हा अंगात. परवा पहाटे तो दारावरून गेला तेव्हा मी हाक मारून विचारले, “काय रे, जाकीट कुठे?” तो कमरेवर थाप मारून हसला आणि म्हणाला, “इथे आहे, फादर. अजून वेळ झाली नाही त्याची.”

मी गप्प बसलो. या वेळी शिकविण्याचा अधिकार त्याचा होता.